फ्रीजरमधल्या आत्या

मनमोहनराव धैर्यवानांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'चित्रपट जवळजवळ तयार आहे' असं जाहीर केलं, तेव्हा तो खरोखरच जवळजवळ तयार होता. म्हणजे फक्त करायचा राहिला होता. कच्चा माल सगळा हाताशी होता. त्यांच्या यशोदाआत्या येत्या रविवारी नव्वद वर्षांच्या होणार होत्या, आणि अख्खा हिवाळा मनमोहनरावांनी गिरगावातून माहीमला जाऊन, आत्यांसमोर कॅमेरा लावून, त्यांच्या आठवणी चित्रित केल्या होत्या. ते सगळं चित्रण साबणाच्या वडीएवढ्या एका काळ्या हार्ड ड्राइव्हमध्ये होतं. चित्रपटाचं नावही ठरलं होतं: 'एका शतकाची साक्ष'.

"आत्या नव्वदच्या आहेत," त्यांच्या पत्नी मृणालिनीबाईंनी आठवण करून दिली होती.

"नव्वद हे शतकातच येतं," मनमोहनराव म्हणाले होते, आणि नाव कायम झालं होतं.

त्या सोमवारी आंघोळ वगैरे उरकून, शुभकार्याला बसावं तसे ते कॉम्प्युटरसमोर बसले आणि त्यांनी ड्राइव्ह जोडली. ड्राइव्हवरचा निळा दिवा लुकलुकला. कॉम्प्युटर मात्र ढिम्म. पाहुणा दारात उभा आहे, बेल वाजवतोय, आणि घरातले लोक टीव्ही बघतायत, असा एकूण प्रकार. त्यांनी वायर काढून परत लावली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. शेवटी पडद्यावर एक चौकट आली. ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का, असं तीत विचारलं होतं. फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी, एवढं त्यांना ठाऊक होतं. आत्यांचं समग्र आयुष्य पुसून टाकू का, हे 'चहा घेणार का' इतक्या सहजपणे विचारलेलं पाहून त्यांना दरदरून घाम फुटला. त्यांनी 'नाही'वर अगदी हळू बोट ठेवलं. जोरात दाबल्यानं कॉम्प्युटरचा गैरसमज व्हायला नको.

"वायर बदलून बघा," मृणालिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

मनमोहनरावांची उभी हयात विमा कंपनीच्या क्लेम खात्यात गेली होती. समोरच्यानं दिलेलं साधं सरळ कारण नाकारणं, हे त्या खात्याचं मुख्य काम. त्यांनी बायकोला शांतपणे समजावून सांगितलं की दिवा लागतोय म्हणजे वीज पोचतेय, वीज पोचतेय म्हणजे वायर ठीक आहे, आणि वायर ठीक आहे म्हणजे प्रश्न अधिक गंभीर आहे. हे समजावणं बराच वेळ चाललं. मृणालिनीबाईंनी तेवढ्यात डाळीला फोडणी दिली.

इंटरनेटवर शोधल्यावर या दुखण्याचं नाव सापडलं. ड्राइव्ह 'माउंट' होत नव्हती, म्हणजे कॉम्प्युटर तिला दाद देत नव्हता. नाव कळलं की अर्धं दुखणं बरं झाल्यासारखं वाटतं. मनमोहनरावांनी लगेच 'प्रभुकृपा' सोसायटीच्या ग्रुपवर निवेदन टाकलं: 'माझी ड्राइव्ह माउंट होत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.' मग त्यांनी ड्राइव्हच्या कंपनीला फोन लावला.

कंपनीच्या यंत्रानं त्यांना आधी भाषा विचारली, मग नंबर दाबायला लावले, मग बासरी ऐकवली. बासरी ऐकता ऐकता मनमोहनराव गॅलरीत गेले, आणि म्हणूनच वरच्या मजल्यावरचे हितेंद्र विजयकर घरात आलेले त्यांना दिसले नाहीत.

हितेंद्र हा मदतीला धावून जाणारा माणूस. इतका, की सोसायटीतले लोक आपली अडचण त्याला कळणार नाही याची काळजी घेतात. ग्रुपवरच्या निवेदनातलं 'माउंट' एवढंच त्यानं वाचलं होतं. स्वतःच्या घरी त्यानं नुकताच टीव्ही भिंतीवर माउंट केला होता, आणि त्याचं ड्रिल मशीन अजून गरम होतं. मृणालिनीबाई खाली कोथिंबीर आणायला गेल्या होत्या. दार उघडं, भिंत मोकळी. हितेंद्रनं काम सुरू केलं.

इकडे बासरी थांबून एका बाईंचा आवाज आला. "सर, आपली काय समस्या आहे?"

"ड्राइव्ह माउंट होत नाही," मनमोहनराव म्हणाले, आणि आतून घर्रर्र असा आवाज सुरू झाला.

"सर, हा आवाज ड्राइव्हमधून येतोय का?"

"अं? नाही, म्हणजे..."

"सर, असा आवाज येत असेल तर ड्राइव्ह ताबडतोब बंद करा आणि लांब उभे राहा."

"अहो, हा आवाज घरातून येतोय."

"ड्राइव्ह घरातच आहे ना, सर?"

हे नाकारता येण्यासारखं नव्हतं. बाईंनी तक्रार नोंदवून घेतली. मोबाइलवर लगेच संदेशही आला. तक्रारीचा प्रकार: ड्राइव्हमधून ड्रिलसारखा आवाज. तक्रारीचा प्रकार बदलता येईल का, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या की बदलता येईल, पण त्यासाठी ही तक्रार आधी सोडवलेली दाखवावी लागेल, आणि ती सोडवलेली दाखवली की तक्रारच उरणार नाही. आयुष्यभर मनमोहनरावांनी लोकांना अशीच उत्तरं दिली होती. या बाजूनं ती कशी लागतात, हे त्यांना आज कळलं.

ते आत आले तर हितेंद्र भिंतीला दोन भोकं पाडून स्क्रू शोधत होता. "कुठेय तुझी ड्राइव्ह? दे, टांगून टाकू."

मनमोहनरावांनी काळी वडी त्याच्या तळहातावर ठेवली. हितेंद्रनं ती उलटसुलट केली. "एवढीशी? ही तर फडताळावर पण राहील रे."

एवढ्यात शेजारच्या फ्लॅटमधल्या कौसल्याताई दारात आल्या. त्यांच्या केसांत चुन्याची पूड होती. "भाऊ," त्या अगदी मवाळपणे म्हणाल्या, "आमच्या देव्हाऱ्यातून तुमचा पंखा दिसतोय."

या प्रसंगानंतर हितेंद्रला अपराधी वाटू लागलं, आणि अपराधी वाटणारा हितेंद्र हा नुसत्या मदतनीस हितेंद्रपेक्षा फार भयंकर असतो. ड्राइव्हचा खरा आजार समजावून घेतल्यावर त्यानं जाहीर केलं की आतली चकती गरम होऊन फुगली असणार. उपाय एकच. ड्राइव्ह प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायची. अमेरिकेत सगळे हेच करतात. अमेरिकेत फ्रीजरमध्ये काय असतं कोण जाणे. पण धैर्यवानांच्या फ्रीजरमध्ये पापलेट होतं, बोंबील होते, आणि रविवारच्या भानोल्यासाठी सोलून ठेवलेली कोलंबी होती. त्यांच्यामध्ये जागा करून ड्राइव्ह ठेवण्यात आली.

मृणालिनीबाईंनी रात्रीच्या जेवणासाठी मासे काढायला फ्रीजर उघडला. "आत्यांना बोंबलांशेजारी ठेवलंत?"

"तात्पुरतं," मनमोहनराव म्हणाले.

नेमका त्याच वेळी विक्रांतचा फोन आला. विक्रांत त्रिलोकेकर म्हणजे यशोदाआत्यांचा मुलगा, मनमोहनरावांचा आतेभाऊ. माहीमला आत्या त्याच्याकडेच असत. हा माणूस घराच्या किल्ल्यांपासून स्वतःच्या मतांपर्यंत प्रत्येक गोष्टीची एक जादा प्रत बाळगून असतो. लहानपणापासून मनमोहनरावांचं काही बिघडलं की विक्रांत ओरडत नसे, हसत नसे. तो फक्त मान हलवत असे. ती मान रविवारी सगळ्या नातेवाइकांसमोर हलायला नको, एवढीच मनमोहनरावांची देवाकडे मागणी होती.

"काय म्हणतोय सिनेमा?" विक्रांतनं विचारलं.

"आत्ताच फ्रीज केला," मनमोहनराव म्हणाले.

"वा. म्हणजे आता काही बदल नाही."

"नसावा," मनमोहनराव म्हणाले. आपण एक अक्षरही खोटं बोललो नाही, याचा त्यांना त्या रात्री झोप लागेपर्यंत अभिमान वाटत होता.

सकाळी ड्राइव्ह बाहेर काढली तर ती कुल्फीसारखी घामेजली. हे बघून कौसल्याताईंना त्यांच्या जावयाचा मोबाइल आठवला. तो शौचालयात पडला होता आणि तांदळात ठेवून बरा झाला होता. त्यांनी मृणालिनीबाईंचा आंबेमोहोराचा डबा मागवून घेतला, ड्राइव्ह मधोमध पुरली, आणि वरून हात जोडले. दुपारी हितेंद्र हेअर ड्रायर घेऊन आला. तांदूळ आतून ओलावा ओढतो आणि ड्रायर बाहेरून, अशी त्याची थिअरी होती. संध्याकाळी सगळ्यांच्या साक्षीनं ड्राइव्ह पुन्हा कॉम्प्युटरला जोडली. आता निळा दिवासुद्धा लागेना.

कौसल्याताईंनी पदर सावरला. "चालतं-बोलतं होतं हो कालपर्यंत," त्या म्हणाल्या.

त्यानंतर मजल्यामजल्यावरून लोक येऊन बसून जाऊ लागले. प्रत्येकजण खुर्चीच्या कडेवर टेकायचा, ड्राइव्हकडे बघायचा आणि खालच्या आवाजात विचारायचा, "बॅकअप नव्हता?" आधी डॉक्टरला दाखवलं नव्हतं का, हे जसं विचारतात तसं. मनमोहनराव म्हणायचे, "काढायचाच होता," आणि समोरचा समजूतदारपणे मान डोलवायचा. मृणालिनीबाईंनी सगळ्यांना चहा दिला. तिसऱ्या खेपेनंतर चहा संपला, तेव्हा त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, "चला. लॅमिंग्टन रोडला डॉक्टर आहेत याचे."

'पुनर्जन्म डेटा सर्व्हिसेस' हे ठिकाण एका जुन्या इमारतीच्या माडीवर होतं. आत पांढऱ्या भिंती, थंडगार एसी, आणि काचेपलीकडे टोप्या घातलेली माणसं खाली माना घालून काम करत होती. काउंटरवर दीपिका मॅडम होत्या. पस्तिशीच्या, टापटीप, आणि चेहऱ्यावर अशी शांतता की त्यांच्याशी वाद घालायचा धीर मोठमोठ्यांना झाला नसता. त्यांनी ड्राइव्ह हातमोजे घालून उचलली, नाकापाशी नेली आणि वर पाहिलं.

"काका, बोंबलाचा वास येतोय."

"पापलेटही होतं," मनमोहनराव म्हणाले. अर्धवट माहिती देणाऱ्यांची त्यांना पहिल्यापासून चीड होती.

दीपिका मॅडमनी बारीक चिमट्यानं वायर खोचायच्या भोकातून काहीतरी ओढून काढलं आणि काउंटरवर ठेवलं. तांदळाचा दाणा होता. मग त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली, वायर एका यंत्राला जोडून तपासली आणि म्हणाल्या, "मूळ तक्रार वायरची होती. वायर सैल झालीय. बाकीची सगळी दुखणी उपचारांची आहेत. आतलं एक सर्किट बदलावं लागेल, पण डेटा मिळेल बहुतेक."

मृणालिनीबाई भिंतीवरच्या कॅलेंडरातला निसर्ग बघत राहिल्या. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला या निसर्गप्रेमाचा अर्थ सांगावा लागत नाही.

पण मनमोहनरावांना आनंद इतका झाला होता की समोर आलेला फॉर्म त्यांनी उत्साहानं भरायला घेतला. 'डेटाचा प्रकार' या रकान्यापुढे खासगी, व्यावसायिक अशा चौकटी होत्या. एका चौकटीत टिक करून सुटता आलं असतं. मनमोहनरावांनी समासात लिहिलं: 'माझ्या पूज्य आत्या श्रीमती यशोदा त्रिलोकेकर यांच्या आयुष्यातील दुर्मीळ आठवणींचे माझ्या संकल्पनेतून साकारलेले चित्रण.' जागा पुरेना म्हणून ते पाठीमागे गेले.

दीपिका मॅडमनी दोन्ही बाजू वाचल्या. "म्हणजे व्हिडिओत तिसरी व्यक्ती आहे."

"तिसरी व्यक्ती कुठली? आत्या आहे माझी."

"काका, आमच्या पॉलिसीत आत्या असा कॉलम नाही. दुसऱ्या कुणाचं चित्रण असेल तर त्या व्यक्तीची संमती लागते. त्यांना इथे यावं लागेल. आम्ही व्हिडिओ लावतो, त्यातली व्यक्ती हीच, हे बघतो, मग त्यांची सही घेतो."

"त्या नव्वदच्या आहेत हो."

"खाली लिफ्ट आहे," दीपिका मॅडम म्हणाल्या. "फॉर्मवर तुम्ही नुसतं 'खासगी' लिहिलं असतंत तर काही लागलं नसतं."

"दुसरा फॉर्म द्या, मी..."

"आता मी वाचलाय, काका."

तर आता काम असं होतं की विक्रांतला काही कळू न देता, त्याच्याच घरातून, त्याच्याच आईला उचलून लॅमिंग्टन रोडला आणायचं. मनमोहनराव शुक्रवारी सकाळी माहीमला गेले आणि आत्याला सिद्धिविनायकाला नेतो म्हणाले.

"मी पण येतो," विक्रांत म्हणाला. "गाडी काढतो."

"नको. नवस आहे."

"कसला?"

"सांगितला तर फळत नाही," मनमोहनराव म्हणाले, आणि आत्यांना जवळजवळ उचलूनच टॅक्सीत बसवलं.

यशोदाआत्या अंगानं चिमणीएवढ्या, पण नजर चिमट्यासारखी. टॅक्सी वळून गल्लीबाहेर पडली. मग त्या म्हणाल्या, "मनू, आता खरं सांग."

मनमोहनरावांनी सगळं सांगितलं. फ्रीजरचा भाग त्यांनी थोडा सौम्य केला.

"म्हणजे ते सगळं पुसलं गेलं असतं तर मला परत बसावं लागलं असतं तुझ्यासमोर?"

"हो ना."

"मग सही करते हो मी," आत्या घाईघाईनं म्हणाल्या. "पण आधी सिद्धिविनायक. देवाचं नाव सांगून घराबाहेर काढलंस मला. तोंड दाखवल्याशिवाय पुढे नाही जायचं."

दर्शन झालं. विक्रांतसाठी पुरावा म्हणून फोटो झाला. आत्यांना हारवाल्याशी भावाची घासाघीस करायची होती, तीही झाली. मग 'पुनर्जन्म'च्या लिफ्टमधून त्या माडीवर आल्या, काउंटरसमोरच्या गुबगुबीत खुर्चीत बसल्या, आणि एसी जास्त आहे म्हणून त्यांनी कमी करायला लावला. तो लगेच कमी झाला. मनमोहनरावांचं म्हणणं तिथं इतक्या चटकन कुणी ऐकलं नव्हतं.

ड्राइव्ह दुरुस्त झाली होती. दीपिका मॅडमनी मोठा पडदा त्यांच्याकडे वळवला. "ओळख पटवण्यापुरतं बघू. आजींचा चेहरा आणि आवाज, दोन्ही हवेत."

पहिली फीत सुरू झाली. पडद्यावर आत्या वेताच्या खुर्चीत बसलेल्या. कॅमेऱ्यामागून मनमोहनरावांचा आवाज. नमस्कार, आपण आज भेटणार आहोत वगैरे. दीपिका मॅडमनी फीत पुढे ढकलली. मनमोहनरावांचा आवाज. धैर्यवान घराणं मुंबईत कसं आलं. अजून पुढे. मनमोहनरावांचा आवाज. जुनं गिरगाव कसं होतं, जे त्यांनी स्वतः पाहिलेलं नव्हतं. आत्यांनी बशीतली नानकटाई उचलली आणि खाल्ली.

"चेहरा मिळाला," दीपिका मॅडम म्हणाल्या. "आवाज बघू."

दुसऱ्या फितीत आत्या पुढे झुकून बोलताना दिसल्या. "त्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो, आणि एकदम..."

"थांब आत्या," मनमोहनरावांचा आवाज आला. "प्रेक्षकांना संदर्भ हवा. चौदा एप्रिल एकोणीसशे चव्वेचाळीस. मुंबईच्या गोदीत एक जहाज उभं होतं. जहाजात कापूस होता, दारूगोळा होता..." स्फोटापर्यंत पोचायच्या आधी गोदीची रचना आली, युद्धाची परिस्थिती आली, कापसाच्या ज्वलनशीलतेवर एक टिपण आलं. आत्यांनी एकदा तोंड उघडलं, मिटलं, आणि खिडकीबाहेर कावळा बघितला. मग कॅमेऱ्याची बॅटरी संपली.

तिसऱ्या फितीत आत्या खुर्चीत झोपल्या होत्या. मनमोहनरावांचा आवाज हळू झाला होता. "आत्याचा डोळा लागलाय. तोवर मी थोडी पार्श्वभूमी देतो."

मनमोहनराव पडद्याकडे बघत होते. काचेपलीकडचे टोपीवाले काम थांबवून इकडे आले होते. एकजण तोंडावर हात धरून वळून उभा राहिला. दीपिका मॅडम मात्र एकेक फीत लावत, पुढे ढकलत, शेवटपर्यंत गेल्या. नियम म्हणजे नियम. मग त्यांनी फॉर्म समोर ओढला.

"काका, पॉलिसीप्रमाणे मुख्य बोलणारी व्यक्ती जी असेल तिची संमती लागते. यात मुख्य व्यक्ती तुम्हीच आहात. ही तुमची मुलाखत आहे." त्यांनी आत्यांच्या नावावर रेघ मारली. "आजी फक्त बॅकग्राउंडला आहेत. त्यांची सही लागणार नाही."

मनमोहनरावांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"अहो, एवढ्या लांब आणलंत तर करू तरी द्या सही," आत्या म्हणाल्या. दीपिका मॅडमनी विचार केला आणि त्यांची सही साक्षीदार म्हणून घेतली.

परतीच्या टॅक्सीत मनमोहनराव बसले, ताडदेव गेलं, वरळी गेली. मांडीवर ड्राइव्हची पिशवी होती. मग त्यांनी विचारलं, "आत्या, मला थांबवायचं होतंस ना एकदा तरी."

"किती खूश असायचास रे तू," आत्या म्हणाल्या. "एवढ्या लांबून यायचास. घरात दिवसभर माझ्याशी बोलतं कोण? विक्रांत आपल्या कॉम्प्युटरवर. मला बरं वाटायचं. सगळं ऐकत नव्हते मी, पण बरं वाटायचं." मग त्या म्हणाल्या, "आणि नानकटाई चांगली असायची."

रविवारी विक्रांतच्या घरी सगळं कुळ लोटलं होतं. पातवडं झाली, भानोलं झालं, केक झाला. विक्रांतनं भिंतीवर पांढरा पडदा लावला होता, आणि ऐनवेळी बिघडला तर म्हणून शेजारी दुसराही लावून ठेवला होता. माणसं पानं हातात घेऊन मांडी घालून बसली. मनमोहनराव उठले. त्यांचं प्रास्ताविक ठाऊक असलेल्या मंडळींनी घाईघाईनं आणखी थोडं वाढून घेतलं.

"सिनेमा नाहीये," मनमोहनराव म्हणाले. "आत्या सांगेल." आणि ते खाली बसले.

पुढचं बोलणं येईल म्हणून सगळे थांबले. ते आलंच नाही. विक्रांतनं मान हलवली. मनमोहनरावांनी ती बघितली. ती बघून त्यांना आतून जे काही झालं, ते त्यांनी पापडाबरोबर गिळून टाकलं.

"काय सांगू?" आत्यांनी विचारलं.

"दुपारी जेवायला बसला होतात," मनमोहनराव म्हणाले. "तिथून."

आत्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मे महिना होता," त्या म्हणाल्या. "ऊन मी म्हणत होतं."

'चौदा एप्रिल' हे शब्द मनमोहनरावांच्या जिभेच्या टोकावर आले. उजव्या हाताचं बोट आपोआप वर जायला निघालं. शेजारी बसलेल्या मृणालिनीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, आणि मनमोहनरावांनी त्याच हातानं भानोल्याचा भलामोठा तुकडा उचलून तोंडात घातला.

"एवढा मोठा आवाज झाला की भिंतीवरच्या तसबिरी सगळ्या तिरक्या झाल्या. आमचे आजोबा म्हणाले, कुणी उठायचं नाही, आधी पान संपवा. मासे होते ना. मग परत तसाच आवाज. आकाशातून जळका कापूस पडायला लागला. आजोबांनी जेवण संपवलं, हात धुतला आणि खाली बघायला गेले. वर आले तर बरोबर एक मुलगा. माझ्यापेक्षा थोडा मोठा. राखेनं केस पांढरे झालेले, पायात एकच चप्पल. गोदीजवळच्या मांडवीहून गर्दीबरोबर धावत आला होता, आईबाप चुकले होते. बोलेचना. आईनं त्याला भात-वरण वाढलं. त्यानं पानाकडे बघितलं आणि पहिलं वाक्य बोलला. म्हणाला, मासा नाही का?"

माणसं हसली. आत्याही हसल्या.

"आजोबा म्हणाले, हा आपल्यातलाच दिसतोय, ठेवून घ्या. आईबाप सापडेपर्यंत आमच्याकडे राहिला. जाताना माझी पाटी घेऊन गेला, चोरून. मोठेपणी परत करायला आला. तेच हे," त्यांनी भिंतीवरच्या भालचंद्रकाकांच्या, म्हणजे विक्रांतच्या वडिलांच्या, फोटोकडे हात केला. "पाटी आणलीच नव्हती मेल्यानं. निमित्त होतं."

विक्रांतच्या हातातलं पान कलंडत होतं, ते त्याच्या बायकोनं धरलं. "आई," तो म्हणाला, "तुमचं लग्न बाबांच्या मामांनी जुळवलं ना?"

"लोकांना तसं सांगितलं. तेव्हा चालत नव्हतं दुसरं काही."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस? मनूनं विचारलं होतं," आत्या म्हणाल्या. "पण उत्तरंही तोच देत होता."

यावर घर दणाणून हसलं. कौसल्याताईंनी पाठवलेल्या करंज्या सगळीकडे फिरल्या आणि मागून कुणीतरी म्हणालं, आत्या, परत सांगा, आम्ही उशिरा आलो. आत्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. मे महिना, कडक ऊन, जेवणाची पानं. मध्येच त्या अडखळल्या, कपाळाला आठी घातली आणि समोर बघितलं.

"मे महिनाच होता ना रे, मनू? तुला सगळं माहीत असतं."

खोलीतले सगळे मनमोहनरावांकडे वळले. त्यांनी तोंडातला घास सावकाश चावून गिळला.

"मेच होता, आत्या," ते म्हणाले. "तू सांग."